फोटोंचा सर्व्हर इरशादच्या हवाली

मी, झुल्फिकार जलाल आतार, वय ५७, धंदा फोटो स्टुडिओ, राहणार भोर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. येत्या सोमवारी पुण्यात माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. पत्नी जाहिदा यांनी "पहिल्यापासूनच का?" असे विचारले, त्याचा दाखला मात्र मिळाला नाही.

१. राहते घर व पोस्टातील ठेव आमच्या कायद्याप्रमाणे पत्नी जाहिदा व मुलगा अंजुम यांना जाईल. त्यात मी बोट घालत नाही.

२. माझ्या मर्जीने मला तिसरा हिस्साच देता येतो. त्यात स्टुडिओचा गाळा, कॅमेरे व फोटो साठवण्याचा सर्व्हर बसतो. ते सर्व मी धाकटा भाऊ इरशाद यास देतो. मला मुलगा असल्याने एरवी त्याला काहीच मिळणार नाही. कारण लिहिण्याची गरज नाही, असे वकील म्हणाले. मला आहे.

३. स्टुडिओ आम्ही दोघे चालवत होतो. मी फोटो काढायचो. इरशाद प्रत्येक ऑर्डरची सीडी करून तिच्यावर मार्करने नाव-गाव लिहायचा. सन २००६ मध्ये ब्रॉडबँड आले आणि माझ्या डोक्यात हवा गेली. पुण्याहून जाडजूड पुस्तक आणले, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकले, सगळे जुने फोटो त्यावर चढवले आणि दुकानाबाहेर पाटी लावली: "तुमचे फोटो आमच्याच सर्व्हरवर, दुबईतही दिसतील". प्रत्येक घराला स्वतंत्र फोल्डर, स्वतंत्र पासवर्ड.

इरशाद म्हणाला, "भाई, सीड्या पण चालू ठेवू. एका मशीनवर सगळं नको."

मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "तुझ्या सीड्या चहाच्या कपाखाली ठेवायला बऱ्या."

त्याने किल्ली काउंटरवर ठेवली, सीड्यांची खोकी टेम्पोत भरली आणि नसरापूरला जाऊन झेरॉक्सचे दुकान टाकले. आमचे बोलणे बंद झाले.

४. आता सर्व्हरबद्दल खरे लिहितो. मशीनला हुकूम देणाऱ्या पुस्तकातल्या ओळी मी बघून बघून उतरवल्या. पासवर्ड मागण्याची ओळ लिहिली. ती कोणत्या फोल्डरला लागू, हे लिहायचे राहिले. उत्रोलीच्या मानसिंगरावांची मुलगी शेफाली हिचा सासरहून फोन आला. "काका, माझं लग्न दिसतंय, पण त्याच्याबरोबर अख्ख्या तालुक्याची लग्नं दिसत्यात. पासवर्ड तर इचारलाच न्हाई!"

घाबरून मी सर्वांना मनाई करणारी ओळ टाकली. ती मात्र पहिल्याच फटक्यात चालली. मलाही आत जाता येईना. मग सगळे नव्याने बसवायला घेतले. मशीनने विचारले, कोणती डिस्क पुसू? दोन होत्या. मी पूर्ण आत्मविश्वासाने फोटोंची निवडली.

५. भोंगवलीच्या सगुणाबाईंचे पती चिमाजी यांचा आयुष्यात एकच फोटो निघाला, तो पुतणीच्या लग्नात मी काढलेला. पुढे दोन महिन्यांत ते वारले. बाई फोटो मोठा करून मागायला आल्या. "मावशी, मशीन दुरुस्तीला गेलीय," असे मी तीनदा सांगितले आणि तीनदा त्या एसटीने रिकाम्या हाताने परत गेल्या. चौथ्या वेळी, सीड्या करणारा भाऊ कुठे असतो हे बाजारात विचारून, त्या नसरापूरला गेल्या.

त्याच दुपारी इरशाद त्यांना घेऊन दुकानात आला. हातात त्या लग्नाची जुनी सीडी. म्हणाला, "भाई, आपलं भांडण आपल्यापाशी. मावशींनी काय केलंय?"

मी फोटो छापला. सगुणाबाईंनी तो पदराने पुसला. "टोपी वाकडीच हाय. तशीच घालायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मशीन हितंच टेबलावर व्हती, भाऊ. तुमचं तोंड बघून म्या काय बोलले न्हाई."

६. इरशादने खोकी परत आणली. आम्ही सर्व्हर पुन्हा बसवला. तो पुस्तक वाचायचा, मी टाइप करायचो, आणि एंटर दाबायच्या आधी तो "थांबा" म्हणायचा. तो सर्व्हर आजही चालतो. इरशाद नसरापूरला गेल्यानंतरच्या चार महिन्यांच्या सीड्याच नव्हत्या, ते फोटो मात्र कायमचे गेले. त्यात बावीस लग्ने होती. त्या घरांची मी इथे माफी मागतो. इरशादची माफी तीन वर्षे तोंडातून निघाली नाही, तीही इथेच मागतो.

७. सर्व्हर बंद करावा लागल्यास आधी प्रत्येक घराला त्याचे फोटो पोचवावेत. पुस्तक कोणालाही देऊ नये.

८. हा कागद मेल्यावर वाचायचा असतो. पण मेलेल्या माणसाच्या माफीला कोणी उत्तर देत नाही, म्हणून इथपर्यंतचा मजकूर आज मीच इरशादला दुकानात वाचून दाखवला. तो बराच वेळ कॅमेऱ्याची काच पुसत बसला. मग म्हणाला, "सगळं लिहिलं, भाई. सर्व्हरचा पासवर्ड कुठाय?"

तो इथे लिहीत नाही. हा कागद चार लोक वाचणार. मी त्याला जवळ बोलावले आणि कानात सांगितला.

सदर मजकूर माझा आहे, चुकांसकट.

सही: झुल्फिकार जलाल आतार
ठिकाण: भोर. दिनांक: १४ मे २००९

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. मानसिंग कुंडलिक शिवतरे, उत्रोली (सही)
२. सगुणाबाई चिमाजी सुर्वे, भोंगवली (डाव्या हाताचा अंगठा)