तोफा बसवायच्या राहिल्यात

भवानी पेठ, सोलापूर
रविवार, ता. ९ जुलै १९७८

प्रिय रेवण,

तू दिवाळीत आणून दिलेलं तुकडे जोडायचं लढाऊ जहाज मी जोडायला घेतलं आहे, आणि मी घाबरलो आहे. दोन्ही एकदमच सांगून टाकतो, कारण गेल्या महिन्यात तीनदा हे पत्र लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा जहाजाचं कौतुक करता करता कागद संपला. घाबरण्याचं कारण माझा डावा हात. तो कापतो. थंडीने नाही, अशक्तपणाने नाही, आणि सेहेचाळीस हे काही हात कापायचं वय नव्हे. अक्षर बघून तुला काही कळणार नाही, उजवा अजून शहाण्यासारखा वागतो. पत्र सावकाश वाच आणि वाचल्या वाचल्या ट्रंककॉल करू नकोस. तो शेजारच्या दुकानात येतो, आणि तिथे चार माणसांत उभं राहून मला हे बोलता येणार नाही.

खोकं उघडायलाच मला चार महिने लागले. तू म्हणाला होतास, अण्णा, जन्मभर दुसऱ्यांच्या चादरींवर मोर काढलेस, आता स्वतःच्या हौसेचं काहीतरी कर. हौस होतीच रे. पण ते खोकं पाळण्याहून लांब. हेमावती येता-जाता त्याला वळसा घालायची आणि म्हणायची, "भावजींनी घरात लढाईच धाडली की." शेवटी शिवरात्रीच्या सुट्टीला उघडलं. आत करड्या प्लास्टिकच्या जाळ्या, प्रत्येक जाळीला शेंगा लागाव्यात तसे तुकडे, आणि तळाशी जहाजाच्या अंगाचे दोन लांबलचक अर्धे भाग. माहितीचा कागद उलगडला तर एकेरी चादरीएवढा, आणि सगळा जपानी. पण आम्हा नक्षीवाल्यांना अक्षराची फारशी गरज नसते. आकडा, चौकोन आणि बाण असला की आमचं भागतं. मी कारखान्यातला ग्राफचा कागद घेऊन कुठला तुकडा कुणानंतर, हे सगळं चौकोनांत भरून काढलं. माझ्या ग्राफवरून मागाच्या नक्षीचे भोकांचे पत्ते पाडणारा महिपती तो कागद बघून म्हणाला, "सोमलिंगअण्णा, ह्याचं बी पत्ते पाडू का? मागावरच विणून काढू जहाज." हेमावतीने जाळ्या रिठ्याच्या पाण्यात धुऊन दिल्या. मी तुकडे सुटे करून सुपात घेतले आणि तांदूळ निवडावेत तसे निवडले. ते पंधरा दिवस फार सुखाचे गेले, हे तुला मुद्दाम सांगतो.

मग मी पहिला गाढवपणा केला. दोन्ही अर्धे भाग चिकटवून वाळायला माळ्यावर ठेवले, आणि आपल्या माळ्यावर पत्रे आहेत हे विसरलो. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन. आठ दिवसांनी काढलं तर जहाजाची कंबर वाकलेली. महिपती म्हणाला, "आता हे सरळ जात न्हाय बगा, शत्रूला वळसा घालूनच मारणार." मी आधणाचं पाणी ओतून ओतून ते नरम केलं, फळीवर ठेवलं, चादरीच्या उतरलेल्या काठांच्या पट्ट्यांनी करकचून बांधलं आणि तीन दिवस देवाचं नाव घेतलं. सरळ झालं. तुझ्यासारख्या बोटीवरच्या फिटरने नीट बघितलं तर मागच्या बाजूला जरासा बाक दिसेल, तो बघू नकोस.

खरी गोष्ट तोफांपासून सुरू होते. मोठ्या तोफा सोप्या, हाताला सापडतात. पण विमानं पाडायच्या बारक्या तोफा शंभरावर आहेत, आणि त्यांची एकेक नळी जिऱ्याएवढी. डाव्या हातातल्या चिमट्यात नळी धरायची, उजव्या हाताने सुईच्या टोकावर गोंद घेऊन लावायचा आणि बसवायची. पहिली नळी चिमट्यात धरली आणि ती हलायला लागली. मी श्वास रोखला, पंखा बंद केला, तरी ती हलतच होती. मी म्हटलं, चिमटा वाईट. सोनाराकडून नवा आणला. मग म्हटलं, ह्या गोंदाचा वास डोक्यात जातो. खिडक्या उघडल्या. मग चहा सोडला, आठ दिवसांनी परत धरला. शेवटी माझ्या स्वभावावर गेलो आणि ग्राफ मांडला. दर रविवारी सकाळी, पोट भरलेलं असताना, चिमट्यात एक नळी धरायची आणि ती स्थिर असेपर्यंत आकडे मोजायचे. जितके आकडे तितके चौकोन काळे करायचे. पहिल्या रविवारी एकवीस भरले. आज नऊ. मधल्या एका रविवारी चोवीस झाले तेव्हा मी हेमावतीला बाजारातून खवा आणून दिला आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही. दवाखान्यातही गेलो होतो. म्हणजे दारापर्यंत. तिथे उसाचा रस प्यालो आणि परत आलो.

तू विचारशील, कारखान्यात कसं कळलं नाही? नक्षी भरताना डाव्या हाताचं काम कागद दाबून धरायचं एवढंच. दाबलेला हात कापत नाही. पण पूजेत हात दाबायला काही नसतं. तू बोटीवर चढल्यापासून पूजा सोडलीस म्हणून आठवण करून देतो, रागाने नाही. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, डोळ्यांसमोर धरायचं आणि उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहायचं. उघड्या डोळ्यांनी, रेवण. आणि त्या तोफांच्या आठवड्यात माझ्या एकदम लक्षात आलं की संक्रांतीपासून मी पूजेला डोळे मिटतो आहे. मला वाटत होतं, माझी तंद्री लागते. हेमावतीला तर मी तसं सांगितलंही होतं, जरा मिरवूनच. दुसऱ्या दिवशी डोळे उघडे ठेवून बसलो. लिंग तळहातावर थरथरत होतं. मी घाईघाईने खालून उजवा हात लावला आणि माझ्या लक्षात आलं की तोही मी कित्येक दिवस लावतोच आहे. म्हणजे जहाजाने मला काही नवीन सांगितलं नाही. माझ्या हाताला ते आधीच माहीत होतं आणि मी ते स्वतःपासून लपवत होतो. त्या दिवशी मला जी भीती वाटली ती अजून उतरलेली नाही.

आता आप्पांचं सांगतो. हे मी बत्तीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. तुला आप्पांचं रंगाचं दुकान आठवत असेल, पण तू पाहिलंस ते शेवटी, गडी तोलायचा तेव्हा. त्याआधी ते स्वतः डाव्या हातात छोटी तागडी धरून विणकरांना तोळ्या-तोळ्याने रंग तोलून द्यायचे. तागडी हलायला लागली, आणि लोक म्हणायला लागले की गुरुबसप्पा तागडी हलवून माप मारतो. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला चिमूटभर कमी दिलं नाही, त्याला. मी चौदा वर्षांचा होतो, तू चार. एके सकाळी ते पूजेला बसले होते आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेलो. माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या तळहातावरून लिंग घसरलं, फरशीवर पडलं आणि गडगडत पाटाला जाऊन लागलं. आप्पा ते उचलत नव्हते. ते हाताकडे बघत बसले होते. मग मला बघितलं आणि हळूच म्हणाले, "यारिगू हेळबेड." कुणालाही सांगू नको. आपली आजी काय सांगायची ते तुला ठाऊक आहे, लिंग अंगावेगळं होऊन पडलं तर त्या माणसाने जगू नये. आप्पांना ते सगळं खरं वाटत होतं. त्यांनी लिंग उचललं, धुतलं, कोनाड्यात ठेवलं, आणि परत कधी हातात घेतलं नाही.

पुढचं तू पाहिलंस. आप्पांनी देव सोडला, म्हणून अव्वाने त्यांच्याशी बोलणं सोडलं. पूजा न करता जेवणाऱ्याचं ताट ती वाढायची, पण तोंड फिरवून. अकरा वर्षं. तू मोठा झालास तेव्हा अभिमानाने सांगायचास की माझा बाप नास्तिक होता, मीही आहे. तुला वाटायचं तो त्यांचा बाणेदारपणा. रेवण, ते नास्तिक नव्हते. ते घाबरलेले होते. आपल्या हाताला ते लिंग पुन्हा धरता येणार नाही, पुन्हा पडेल, आणि या वेळी सगळ्यांसमोर पडेल, याची त्यांना भीती होती. ते गेल्यावर मी मठातल्या स्वामींना आडून विचारलं, कुणाचं लिंग पडलं तर काय करावं? ते सहज म्हणाले, "उचलावं, धुवावं, गुरूच्या हातून परत घ्यावं. माणसाचा हात हाय, पडायचंच की." एवढंच होतं. तेव्हा अव्वा जिवंत होती, पुढे पंधरा वर्षं होती. मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, सोमू, तुला हे कधीपासून ठाऊक होतं? ती नवऱ्यावर रागावलेलीच गेली, आणि त्याला मी जबाबदार आहे.

आणि आता बघ घरात काय चाललंय. परवा माझ्या लक्षात आलं की गेला महिनाभर हेमावती मला चहा बशीशिवाय देते, स्टीलच्या पेल्यात. कारण बशी डाव्या हातात घ्यावी लागते आणि ती वाजते. मी पेला घेतला आणि जहाजापाशी जाऊन बसलो. जहाज तोफांशिवाय तसंच उभं आहे. पावलांच्या आवाजावरून मला कळतं की ती रोज पूजेच्या वेळी दाराशी येते आणि मी बघण्याआधी निघून जाते. हे पत्र टाकून आलो की आज मी तिला सांगणार आहे. कसं, ते अजून माहीत नाही.

पण आधी तुला लिहितो आहे त्याचं कारण वेगळं आहे. तू लिहिलंस की श्रावणातल्या पहिल्या सोमवारी अक्कलकोटला तुझ्या बाळाला लिंग बांधायचं ठरलं आहे, आणि आपल्या घरच्या रीतीप्रमाणे थोरला म्हणून मी त्याला मांडीवर घेऊन बसायचं, स्वामींनी दिलेलं लिंग त्यांचे मंत्र संपेपर्यंत डाव्या तळहातावर धरायचं. तू, ज्याने सगळं सोडलं होतंस, त्याने हे मागितलंस म्हणून मला आनंद झाला, आणि त्याच क्षणापासून मी नाही म्हणायला कारणं शोधतो आहे. कारखान्यात रजा नाही, हेमावतीचे गुडघे, काय वाटेल ते. सहा आठवडे उत्तर आलं नाही ते म्हणून. आता कारणं संपली. मी येतो. पण मी हात पुढे केला की तू माझ्या शेजारी बस आणि माझ्या तळहाताखाली तुझा तळहात धर. सगळ्यांसमोर धर, लपवून नाही. कुणी विचारलं तर सांग, अण्णाचा हात कापतो. आप्पांना एवढंच हवं होतं आणि अव्वाने ते आनंदाने केलं असतं. आणि शेवटची गोष्ट, ही लिहिताना मात्र माझा उजवाही थांबला. आप्पांचा हात कापला, माझा कापतो आहे. तू लहान होतास त्यानंतर मी तुझा हात कधी हातात घेतलेला नाही. त्या सोमवारी माझा हात तुझ्या हातावर टेकेल तेव्हा तुझा स्थिर आहे की नाही हे तुझ्याही आधी मला कळेल. लिंग पडेल याच्यापेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. तरीही धर.

तुझाच,
अण्णा