मोटेच्या वादीने शिवलेली पर्स

मी, कडूबा भिवाजी इंगळे, वय चौसष्ट, धंदा चांभारकाम, राहणार जुना जालना, हा माझ्या शेवटच्या इच्छेचा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. नजर अजून आरीच्या भोकातून वादी ओवण्याइतकी शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. तीस वर्षे मी सभांतून बोललो, निजामाच्या अमलात त्या बोलण्यापायी दोनदा तुरुंगातही राहिलो. आता छातीचे दुखणे आहे आणि डॉक्टरांनी बोलणे कमी करायला सांगितले आहे. त्यांनी लिहिण्याबद्दल काही सांगितलेले नाही. सभेत टाळ्यांसाठी माणूस एखादे वाक्य जास्त बोलतो. इथे टाळ्या नाहीत, म्हणून जेवढे खरे तेवढेच लिहितो.

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्या आणि ओटा, माझा मुलगा रामराव आणि मुलगी गोजरबाई यांचे निम्मे निम्मे. गोजरला नवऱ्याने टाकली त्याला नऊ वर्षे झाली. मुलीला वाटा कसला, असे भावकीतले शहाणे आजही विचारतात. दोन वर्षांपूर्वी सरकारने तसा कायदा केला. सरकारला थोडा उशीर झाला, एवढेच माझे म्हणणे आहे.

कलम दुसरे. लोखंडी पेटीतली एकशे तेरा पुस्तके वस्तीच्या वाचनालयाला. शहरातल्या वाचनालयात मी पहिली सात वर्षे पायरीवर बसून वाचले, कारण आत सतरंजी होती आणि माझ्या बसण्याने ती बाटली असती. माझी पुस्तके वाचायला येणाऱ्याने आत येऊन बसावे, पायरीवर नव्हे. हीच अट.

कलम तिसरे. भिंतीवर खुंटीला टांगलेली विलायती पर्स. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

ही पर्स मदनलाल शेठ यांनी पॅरिसहून मुंबईमार्गे मागवली, पत्नी राजकुमारीबाई यांच्यासाठी. शेठ जिनिंगचे मालक आणि गोरक्षण मंडळाचे अध्यक्ष. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर पर्सची मूठ निखळली, म्हणून त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या नंदाबाई ती माझ्याकडे घेऊन आल्या.

"कडूबादादा, जल्दी पाहिजे म्हणल्यात बाईसायब. अन् हे चामडं न्हाई बरं का, विलायती मेणकापड हाय."

"कोण म्हणलं?"

"शेठजीच म्हणले त्यांच्या आईसायबांना. त्याबिगर दारात तरी येऊ दिली असती का त्यांनी?"

मी पर्स उलटी केली, नखाने दाबली, नाकाशी धरली.

"नंदाबाई," मी म्हणालो, "ह्या मेणकापडाला आई होती."

नंदाबाई हसल्या आणि लगेच तोंडावर पदर धरला. ते वासराचे कातडे होते. कोवळे, बारीक दाण्याचे, दूध तुटण्याआधीचे. गोरक्षण मंडळाचे अध्यक्ष ते बायकोच्या हातात देऊन मंडळाच्या वार्षिक सभेला घेऊन गेले होते. गिऱ्हाइकाच्या वस्तूचे पोट चारचौघांत उघडू नये हा आमच्या धंद्याचा नियम. मी तो सव्वा वर्ष पाळला. मेलेल्या माणसाला गिऱ्हाईक नसते, म्हणून आता लिहितो.

पर्सची रचना अशी. खाली रुंद, वर निमुळती. वरून एक झाकण येते, त्याला पितळेचे कुलूप. कुलपाची किल्ली त्याच पर्सला, कातड्याच्या एका छोट्या घंटेत लपवून टांगलेली. तिजोरीची किल्ली तिजोरीलाच टांगणारा मुनीम शेठनी एक दिवस तरी ठेवला असता का? तळाला पितळेचे चार पाय, बूड जमिनीला शिवू नये म्हणून. म्हणजे सोवळे पॅरिसमध्येही पाळतात. आत रेशमाचे अस्तर, त्यात एक कप्पा, कप्प्यात एक आरसा. दुसरे काही मावत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला सोनेरी अक्षरे ठोकलेली, ती दुकानदाराच्या नावाची. ज्याने शिवली त्याचे नाव कुठेच नाही.

शिवण मात्र चांगली होती. दोन सुयांची, हाताची, टाका टाक्याला समांतर. तो शिवणारा कुठला कोण, मला माहीत नाही, पण त्याच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नाही. तोही कोणाच्या तरी ओट्याबाहेरच बसत असेल. त्याला ज्यावर शिवायला दिले, ते पाहून मला त्याची कीव आली. अस्तर उचकटले तर आत पुठ्ठा! वह्यांना असतो तसा पुठ्ठा, सरसाने चिकटवलेला. मूठ त्या पुठ्ठ्यावर दोन बोटे कातडे अडकवून उभी. एवढा डौल, एवढे कुलूप, आणि सगळा भार पुठ्ठ्यावर.

मी आयुष्यभर मोटा शिवल्या. मोट ही पण पिशवीच. तिला कुलूप नसते, रेशीम नसते, पाय नसतात. तोंडाला लोखंडी कडे, खाली सोंड, आणि शिवण वादीची, म्हणजे कातड्याच्याच दोरीची. कातडे पाण्याने फुगते तशी वादीही फुगते आणि भोक बंद करते. जेवढी भिजेल तेवढी घट्ट. कुंभार पिंपळगावापासून जांबेपर्यंतच्या विहिरींवर माझ्या मोटांनी पाणी काढले आहे. त्या पिशवीने माणसे जेवली. ह्या पिशवीने फक्त आरसा वाहिला.

तरीही काम काम असते. मी मोटेच्या कातड्याची एक पट्टी काढली. ती मुठीच्या एका टोकापासून अस्तराखालून, तळाखालून, दुसऱ्या टोकापर्यंत सलग घेतली आणि वादीने शिवली. टाका मी घातला, वादी गोजरने ओढली. वरून केसाएवढा फरक दिसत नव्हता. तिसऱ्या दिवशी पर्स परत गेली.

आता पुढचा प्रकार. शेठच्या मातोश्री तारादेवी दारातच उभ्या होत्या. "चांभाराच्या घरून आली ना? पहले हौदात घाल, मंग घरात आण." हौदात गोमूत्र ओतले आणि पर्स बुडवली. दुपारभर. शुद्ध व्हायला. वासराचे कातडे गाईच्या मूत्राने शुद्ध करणारे हे एकच घर मी ऐकले आहे. पुठ्ठ्याचा लगदा झाला, सरस विरघळला, रेशमाचा रंग उतरला, आणि ओल्या कातड्याला कातड्याचा वास आला. तारादेवींनी विचारले, हे मेणकापड असे का घाणतेय? तेव्हा शेठना उत्तर द्यावे लागले. उत्तर तयारच होते: चांभाराने आत चामडे घातले आणि वस्तू नासवली.

बाजाराच्या दिवशी शेठची मोटार माझ्या ओट्यासमोर थांबली. खिडकीतून पर्स येऊन पडली.

"कडूबा, चार घटका पाण्यात टिकत न्हाई तुझं काम. मोटा कशा शिवतो रे?"

"शेठ, खाली उतरा. कुठं उसवलंय ते हात लावून दाखवा."

त्यांनी काच वर केली. हात लावायचा तर उतरावे लागले असते.

ते वाक्य सगळ्या बाजाराने ऐकले. मला ढोंगी म्हणा, देवाचा वैरी म्हणा. सभांतून मी याहून वाईट ऐकले आहे आणि ऐकवलेही आहे. पण मोट शिवणाऱ्याचे काम पाण्यात टिकत नाही, हे वाक्य मला घेऊन जाळा म्हणण्यासारखे आहे. तेव्हापासून तीन शेतकरी आले आणि तिघेही शिवण ओढून ओढून पाहून परत गेले. तेल-इंजिने येत आहेत, मोट जाणार, हे मला कळते. जाऊ दे. पण ती माझ्या टाक्यामुळे गेली असे कोणी म्हणू नये.

कलम चौथे. माझी अवजारे: कातडे कापायच्या रापी दोन, आऱ्या पाच, ऐरण, दगडी कुंडी, फरमे. वहिवाटीने ही मुलाची. पण रामरावाने, जिनिंगच्या यंत्रांच्या चामडी पट्ट्यांचे काम सुटू नये म्हणून, शेठना एक पत्र सही करून दिले आहे: "माझ्या वडिलांची शिवण कच्ची होती, चूक आमची." मला हे चार दिवसांनी कळले.

"दादा, कागदच तर हाय. कागदानं काय शिवण उसवती का?"

"उसवती," मी म्हणालो. 

म्हणून अवजारांचा निकाल मी देत नाही. पर्स देईल. माझे दहावे, तेरावे, जेवणावळ काहीही करू नये. माझ्या मरणानंतरच्या पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी पर्स माझ्या कुंडीत पाण्यात घालून ठेवावी. दुसऱ्या दिवशी बाजारातल्या विहिरीवर, सगळ्यांदेखत, मोटेच्या नाड्याला, म्हणजे बैल ओढतात त्या दोराला, तिची मूठ अडकवावी. माझ्या आईच्या जात्याची खालची तळी पर्सच्या पोटाखालच्या पट्टीला बांधावी. मोटेचे बैल धावेच्या उतारावरून दहा वेळा खाली जाऊन वर येतील, एवढा वेळ ती विहिरीवर लोंबू द्यावी. रामरावाने नाड्यापाशी उभे राहावे.

मूठ सुटली, तर रामरावाचे पत्र खरे. अवजारे त्याची, आणि कडूबाचे काम पाण्यात टिकत नव्हते असे जालन्याने खुशाल म्हणावे. मूठ राहिली, तर अवजारे गोजरबाईची. ओट्यावर तिने बसावे. रामरावाने शेठकडे जाऊन ते पत्र परत आणावे. आणले, तर गोजरने दोनांतली एक रापी त्याला द्यावी. तो माझा मुलगा आहे, आणि हात त्याचाही वाईट नाही.

हा प्रयोग मी स्वतः आधी करून पाहिलेला नाही. गरज वाटली नाही.

कलम पाचवे. पर्सच्या कप्प्यातला आरसा राजकुमारीबाईंना परत द्यावा. वस्तू त्यांची आहे. हौदाच्या वेळी त्या वरच्या खिडकीत उभ्या होत्या आणि त्यानंतर सव्वा वर्षात त्याबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द निघालेला नाही. आरशात त्यांनी सावकाश पाहावे.

हा कागद मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. नंदाबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "दादा, हौदात ती मीच घातली. ते लिवलं न्हाई तुम्ही."

"तुमचं नाव मुद्दाम न्हाई घातलं. उद्या तिथंच भांडी घासायला जायचं तुम्हाला."

"मंग? अंगठा घ्यायला बलावलं, अन् नाव झाकून ठेवता व्हय? घाला नाव. अन् मी सांगते ते बराबर लिवा."

त्यांचे म्हणणे त्यांच्या अंगठ्याखाली, त्यांच्याच शब्दांत लिहिले आहे.

ठिकाण: जालना, तालुका जालना, जिल्हा औरंगाबाद, मुंबई राज्य.
तारीख: ११ मे १९५८.

सही: कडूबा भिवाजी इंगळे

साक्षीदार पहिले: काकासाहेब गणपतराव जाधव, शिक्षक. कडूबा इंगळे यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसऱ्या: नंदाबाई मारुती काळे, काम मदनलाल शेठ यांच्या घरी. डाव्या हाताचा अंगठा.
"कडूबादादांनी माझ्यासमोर सही केली. पर्स मी बुडवली. दुपार कलल्यावर काढली तवा आतलं अस्तर समदं सुटल्तं, अन् ती पाण्यानं गच्च भरल्ती. मूठ धरूनच वर वढली. मूठ हलली न्हाई."