पुण्याचा जेट

लिहून ठेवतो मी, हरिश्चंद्र बाळकृष्ण मांडवकर, वय ५८, धंदा टू-स्ट्रोक मोटरसायकलींची दुरुस्ती, राहणार इंद्रलोक, भाईंदर पूर्व. फुप्फुसं गेली आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही. घातला असता तर हे सहा वर्षांपूर्वीच लिहून झालं असतं.

१. माझी पत्नी सौ. मनोरमा माझ्यासोबत राहते व माझं सर्व करते. राहतं घर व बँकेतली शिल्लक तिची.

२. काशीमीऱ्याचं गॅरेज, हत्यारं व जेटचा डबा नाथा पाटील, राहणार मुर्धा, याला. समोरच्या गॅरेजवाल्या महिपतला साधा पानाही देऊ नये. गाडी तापली की पेट्रोलमध्ये तेल वाढवा, एवढीच त्याची विद्या. तेल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, हे वीस वर्षांत त्याच्या टाळक्यात शिरलेलं नाही.

३. आमचा एकुलता मुलगा यतीन मातीतल्या शर्यतींत गाडी चालवायचा. जानेवारी १९९० मध्ये पुण्याच्या शर्यतीसाठी मी कार्बोरेटरला बारीक जेट लावला; जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारा, भोकाचा छोटा पितळी स्क्रू. उंचावर हवा विरळ, पेट्रोल कमी लागतं. खाली आलं की मोठा जेट परत लावायचा, नाहीतर पेट्रोल अपुरं पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे जागीच अडकतो. पण त्या जेटवर गाडी इतकी सुंदर पळत होती की तो काढायला माझा हात होईना. तेव्हा गॅरेजात माझ्या हाताखाली असलेल्या नाथाने विचारलंसुद्धा, "दादा, पुन्याचा जेट काढला न्हाय का?" मी म्हणालो, "तू तेल मिसळ. जेट माझं काम."

पुण्याहून परतल्यावर मुर्ध्याच्या बंद मिठागरात यतीनने मूठ पूर्ण पिळली आणि पिस्टन धरला. मागचं चाक जाम झालं. तो बांधावर मानेवर पडला.

लोक म्हणाले, तेल कमी पडलं. तेल नाथाने मिसळलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने कार्बोरेटर उघडला, जेट माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "ताईचा पोर गेला. आता नवरा बी जायला नको. माझं नाव घेतायत तर घेऊ दे." मी मूठ मिटली. बापाने नाव हरिश्चंद्र ठेवलं होतं, मला पेललं नाही.

नाथा मनोरमाचा मानलेला भाऊ. सहा भाऊबीजा झाल्या, तिने त्याला ओवाळलेलं नाही. गाडीला त्याला कोणी हात लावू देत नाही. तो एका गोदामावर वॉचमन आहे.

४. तो जेट माझ्या कपाटात रुमालात बांधलेला आहे. माझ्या मरणानंतर तो मनोरमाला द्यावा व कलम ३ तिला वाचून दाखवावं. जिवंतपणी माझ्याने होत नाही.

दुरुस्ती. वरील मजकूर वाचून शेजारी काशीनाथ सावंत यांनी साक्षीची सही करायला नकार दिला. म्हणाले, "हरिभाऊ, भाऊबीज तोंडावर आलीये. तुम्ही गेल्यावर सांगून नाथाला काय उपयोग?" म्हणून मनोरमाला बोलावून कलम ३ मीच वाचलं. तिने जेट मागितला. चष्मा लावून त्यावरचा नंबर पाहिला.

"नाथाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

मग ओवाळणीचं ताट पिशवीत घालून ती मुर्ध्याला निघाली. दारात म्हणाली, "माझी वाट बघू नका."

सबब कलम ४ रद्द. कलम १ मधलं 'माझ्यासोबत राहते' हे आज दुपारी साडेचारनंतर खरं नाही. घर मात्र तिचंच.

सही: ह. बा. मांडवकर

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. काशीनाथ सावंत
२. आशा काशीनाथ सावंत

स्थळ: भाईंदर पूर्व
दिनांक: ९ नोव्हेंबर १९९६