टॅक्स आत्ता की म्हातारपणी?

प्रिय आत्या,

तू गेल्यावर इतक्यात काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज ऑफिसची ती मेल परत आली. निवृत्तीसाठी पगारातून जे कापायचं, त्यावरचा टॅक्स आत्ता भरणार की म्हातारपणी? शुक्रवारपर्यंत कळवा. मागच्या वर्षी हीच मेल तुला वाचून दाखवली आणि केवढं रामायण झालं, आठवतं?

तू ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होतीस. मी सांगितलं, "एका योजनेत आज टॅक्स भरायचा, मग म्हातारपणी पैसे काढताना काही द्यायचं नाही. दुसरीत आज टॅक्स वाचतो, पण पुढे पेन्शनवर लागतो."

"म्हंजी दोनीकडं टॅक्स हायेच?"

"आहे."

"मग लगीन कर."

याचा त्याच्याशी काय संबंध, आत्या? मी चिडले, तशी तू वरच्या मजल्यावरच्या दोन्ही भाडेकरूंना हाक मारलीस. लातूरचा सुहास आणि अमरावतीची पल्लवी. दोघंही हिंजवडीत नोकरीला, समोरासमोरच्या खोल्यांत राहायची, पण एकमेकांशी कधी बोलली नव्हती.

सुहास म्हणाला, आत्ताच भरून मोकळं व्हायचं, पुढे टॅक्स किती वाढेल कुणी सांगावं. पल्लवी म्हणाली, आज पगार मोठा म्हणून टॅक्स मोठा. म्हातारपणी कमाई कमी, तेव्हा टॅक्सही कमी. मग दोघांनी लॅपटॉप आणले. आमटी दोनदा गरम करावी लागली. पगार माझा, आणि मला कुणी विचारेना.

दुसऱ्या दिवशी तू त्यांना पुन्हा बोलावलंस. "मला काय उमगलं न्हाई, परत सांगा." तिसऱ्या दिवशीही तेच. तुला पहिल्याच दिवशी सगळं उमगलं होतं ना?

त्यांचं लग्न ठरलं तेव्हा अख्ख्या नेरे गावात तू पेढे वाटलेस. माझी ऑफिसला कळवायची तारीख मात्र उलटून गेली होती.

"दुसऱ्यांची लग्नं जुळव, पण मला सोड," मी रागावून म्हणाले.

"आईबापामागं तुला मी सांबाळलं. तुजं म्हातारपण बघाया मी कुटनं येऊ?"

एवढंच म्हणालीस आणि शेगडी पुसायला लागलीस.

त्यांच्या लग्नात नेसायची नऊवारी तू काढून ठेवली होतीस, आणि महिनाभर आधी गेलीस. इतकी घाई कशाला केलीस? पल्लवीच्या हट्टानं ती नऊवारी मी नेसले. लई वाईट नेसले. तू असतीस तर मांडवातच बोलली असतीस.

असो. सकाळी मी ठरवलं. टॅक्स आत्ताच. म्हातारपणी हातात येईल ते सगळं माझं, त्या वयात आकडेमोड नको. सुहास निवडणूक जिंकल्यासारखा जिना उतरला. पल्लवी त्याच्याशी बोलत नाहीये. संध्याकाळपर्यंत बोलेल, काळजी करू नकोस.

लग्नाचं वचन मागू नकोस, देणार नाही. पण केस पिकले तरी या घरातली एकही खोली रिकामी ठेवणार नाही. जेवायला एकटी बसणार नाही, हे नक्की.

तुझीच,
वैशाली