न धुतलेली माती

प्रिय फिनेल,

चिडू नकोस, हे नाव बाबांनी ठेवलंय. लहानपणी तू गांडुळाला साबण लावून आंघोळ घातली होतीस, तेव्हापासूनचं. गांडूळ मेलं. तू मात्र मोठा होऊन बाबांच्या रोपवाटिकेचा मालक झालास.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. ज्येष्ठमधाची रोपं अजून पिवळीच आहेत, आणि ताईचे जिवाणू बोगस निघाले असं तू सगळ्या कामगारांसमोर जाहीर केलंस म्हणे. मग ती बिचारी भोळेपणाने बोलून गेली, की मी पाठवलेलं जिवाणूंचं पाकीट मातीत मिसळण्याआधी तू सगळे नवे वाफे जंतुनाशकाने धुऊन घेतले होतेस. औषधी झाडांपाशी जंतू नकोत म्हणून! धन्य आहे तुझी. आमंत्रण देऊन पाहुण्यांना उंबऱ्यावरच विष पाजायचं, आणि वर तक्रार करायची की एकानेही घास घेतला नाही.

पालथ्या घड्यावर पाणी, तरी पुन्हा सांगते. तुझ्या मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पुष्कळ आहे, पण ते असं घट्ट बसलंय की मुळांना घेता येत नाही. हे जिवाणू मुळांना चिकटून राहतात, ते स्फुरद विरघळवून देतात; बदल्यात मूळ त्यांना थोडी साखर देतं. इतका साधा संसार. तुला त्यात फक्त घाण दिसते. तुझ्या ऑफिसात बूट काढून शिरावं लागतं, टेबलावरचं झाडसुद्धा प्लास्टिकचं, आणि हा गृहस्थ वनस्पती विकतो!

बाबांच्या नखांत कायम माती असायची. आई ओरडायची, ते हसायचे. मागच्या भिंतीलगतच्या त्यांच्या वाफ्यात ज्येष्ठमध असा माजायचा की मुळं काढताना आपण दोघं लटकायचो, आठवतंय? नवा वाफा केला की ते त्यात जुन्या वाफ्यातली ओंजळभर माती टाकायचे. तू त्याला खुळचटपणा म्हणायचास. माझे जिवाणू त्या भिंतीलगतच्या वाफ्यातलेच आहेत.

तो वाफा उकरून तू सोमवारी तिथे काँक्रीट ओतणार आहेस, हेही तुझ्या बायकोनेच सांगितलं. म्हणून हे पत्र. नाहीतर तुझ्या अकलेवर शाई घालवायची मला हौस नाही. सुट्टीत आमच्या प्रयोगशाळेचा फ्रीज बंद पडला, साठवलेल्या जिवाणूंच्या सगळ्या नळ्या गेल्या. तुला पाठवलेलं पाकीट शेवटचं होतं. आता ते जिवाणू माझ्या माहितीत फक्त त्या वाफ्यात उरलेत. बाबांच्या हातचंही तेवढंच उरलंय रे. तुझ्यासारख्यापुढे हात पसरणं माझ्या जिवावर येतंय, तरी पसरते. तो वाफा राहू दे. तेवढं जमत नसेल, तर टोपलीभर ओली माती सावलीत झाकून ठेव, मी न्यायला येते. आणि तुझ्या पाया पडते, ती धुऊ नकोस.

तुझीच,
मळक्या हातांची ताई