बांधावरची करवंदी, माझ्या बाजूची

मी सकुबाई नवसू विशे, चौथी शिकलेली, राहणार डोळखांबजवळच्या पाड्यावर, आज पूर्ण शुद्धीत आणि भारी खुशीत हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. कोणी दबाव टाकलेला नाही. माझ्यावर कोण टाकणार?

१. घर, भातखाचरं आणि बँकेतलं जे काय असेल ते मुलगा कमळाकर याला. कोयता आणि विळा सून रुपाली हिला. ती धार चांगली लावते, हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं.

२. बांधावरच्या करवंदीच्या जाळीची माझी बाजू नात कुणाली हिला. पलीकडची बाजू धाकटी जाऊ सुंदरा हिची. जाळी एकच, कोणी लावलेली नाही, पण करवंदं लागायची तिच्याच अंगाला. मी दर उन्हाळ्यात हंड्याने पाणी घातलं, शेणखत घातलं, भाताला आणलेला युरियासुद्धा घातला. माझ्याकडे नुसता पाला, हिरवागार. ती बोटसुद्धा लावायची नाही आणि तिची बाजू काळीभोर. कुणाली वाशिंदहून सुट्टीला आली की पिशवी माझ्या घरात आणि पोरगी दिवसभर सुंदराकडे, तोंड जांभळं करून. वर सुंदरा बांधावरून म्हणायची, "बाय, तुझी करवंदी लय लाडाची झाली गो. रानातली हाय ती, तिला रानासारखी राहू दे." माझा जळफळाट व्हायचा. मी आणखी एक हंडा ओतायची.

गेल्या वर्षी माझा गुडघा धरला. पाणी, खत सगळं बंद. यंदा माझ्या बाजूला पानं कमी आणि करवंदंच करवंदं. कुणाली सगळी सुट्टी इकडेच. सुंदरा बघत उभी होती, म्हणून मी टोपली अगदी सावकाश भरली. तिने काय सांगितलं होतं ते मला आठवतं, पण ते इथे लिहायची गरज नाही.

३. कमळाकर तिथे तारेचं कुंपण घालीन म्हणतो. घालायचं नाही. कुणालीनेही पाणी, खत, कोयता काही लावायचं नाही. नुसतं खायचं.

४. सुंदराला माझ्या बाजूची करवंदं तोडायला मनाई नाही. मात्र आधी ती गोड आहेत असं चारचौघांत कबूल करावं. आज साक्षीला आली तेव्हा तिला द्रोणभर दिली आहेत.

लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि सही केली.

सकुबाई नवसू विशे
डोळखांब, तालुका शहापूर
२५ मे २०२५

साक्षीदार:
१. आदेश हरड, शेजारी (सही)
२. सुंदरा विशे, जाऊ (अंगठा). त्यांनी सांगितलं ते आदेशने लिहिलं: "गोड हायेत. पण आमच्या बाजूएवढी नाय."