ओळखीतले सर

सोमवार, ७ एप्रिल २०२५

पहिला भाग संपायच्या आत शांताबाईंनी टीव्हीवर चप्पल उगारली! नवा टीव्ही! मी दोन्ही हात पसरून मध्ये उभी राहिले. "मेल्याचो मुडदो बशिवलो!" म्हणे. अहो, तो मेला तिकडे तुरुंगात बसलाय, चप्पल लागेल माझ्या काचेला.

ही डॉक्युमेंटरी कल्पिताने शोधून काढलेली. पाच भाग. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातला पोहण्याचा कोच — वीस वर्षं क्लासमधल्या लहान मुलींचे हाल करत होता, आणि अख्खं शहर त्याला हार घालत होतं. दुपारी तीनला आमच्याकडे जमायचं ठरलंय. मी, दुसऱ्या मजल्यावरच्या शांताबाई आणि समोरच्या दारातली कल्पिता. रोज नाही, एक दिवस सोडून, आणि रविवारी सुट्टी. शांताबाईंचं बीपी सांभाळायला हवं.

चहा, चिवडा आणि राक्षस. मजा आली असं लिहू नये, पण आली.

बुधवार, ९ एप्रिल

दुसरा भाग. आज त्या मुलींच्या आया बोलल्या. एकजण म्हणाली, आम्हाला कळलंच नाही हो. आम्ही तिघी एकदम ओरडलो — कळलं कसं नाही! शांताबाई म्हणाल्या, "डोळे फुटले हुते काय गो तेंचे?" कल्पिताच्या डोळ्यांना मात्र धारा. तिचा प्रबुद्ध आठ वर्षांचा, तिला सगळीकडे तोच दिसतो.

मी सांगितलं तिला, मी तीस वर्षं वॉर्ड ऑफिसात दाखल्यांच्या खिडकीत बसले. माणूस रांगेत उभा असतानाच मला कळायचं, कागद खरा आणलाय की खोटा. त्याला नजर लागते. त्या बायांकडे ती नव्हती. आणि तसंही मला मुलगाच. त्या बाबतीत मी सुटले बाई!

आतून आमचे अनंतराव ओरडले, "जरा हळू! खाली वॉचमनला सगळी स्टोरी कळतेय."

गुरुवार, १० एप्रिल

कल्पिता सकाळीच दारात. प्रबुद्धचं सुट्टीतलं पोहण्याचं शिबिर रद्द! "काकू, अनोळखी माणसाकडे नाही पाठवणार मी आता." बरोबरच आहे. पण मग पोराने दीड महिना काय मोबाईल चाटायचा?

आणि माझी ट्यूब पेटली — विद्याधर सर! आमच्या देवव्रतचे मल्लखांबाचे सर. दोन गल्ल्या सोडून राहतात, लग्न केलं नाही, सगळं आयुष्य मुलांसाठी. एकेकाळी गुरुपौर्णिमेला अर्धं मुलुंड त्यांच्या पायावर डोकं ठेवायला रांगेत असायचं. मीही देवव्रतची मान धरून त्याला वाकवायचे. ओळखीतला माणूस, आणखी काय हवं?

लगेच फोन लावला. सत्तरी आली, पण आवाज तसाच खणखणीत. "कुंदाताई, क्लास बंद करून दहा वर्षं झाली. पण तुमचा शब्द मोडणार नाही. माझ्या गच्चीवरचा खांब अजून उभा आहे. एकेकट्याला नीट शिकवता येतं." सोमवार, एकवीस तारखेपासून, सकाळी सात वाजता.

कल्पिताने मला मिठीच मारली. मी दिवसभर फुशारकीत.

शुक्रवार, ११ एप्रिल

तिसरा भाग. कोच एकटाच राहायचा म्हणे. "बायल नाय, पोरां नाय, तरी कोणाक संशय नाय!" — शांताबाई. तसे विद्याधर सरही एकटेच, पण ती गोष्ट वेगळी.

शनिवार, १२ एप्रिल

देवव्रतचा चेंबूरहून रोजचा फोन. मी हौसेने सांगितलं, तुझे सर पुन्हा शिकवणार, आपल्या प्रबुद्धला!

"आई, नको पाठवू त्याला."

का रे?

"पडेल-बिडेल."

म्हटलं, काहीतरीच काय! तू नाही का उलटा लटकायचास? स्वतः बाराव्या वर्षी कंटाळा करून सोडलंस, म्हणून सगळ्यांनी सोडायचं का? तर फोन ठेवून दिला. एकतीस वर्षांचा घोडा झाला, तरी फुगणं तसंच.

सोमवार, १४ एप्रिल

आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे देवव्रत आला. न कळवता. जेवला. तीनला आमचं मंडळ जमलं तर तोही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिला.

चौथ्या भागात एक पुरुष आला. चाळिशीचा, दाढीवाला. म्हणाला, तो कोच फक्त मुलींनाच नाही, आम्हा मुलांनाही... "झिलांका पण?" शांताबाई म्हणाल्या, तेही हळूच. खरं सांगते, मला हे कधी सुचलंच नव्हतं. मुलगा म्हणजे काय, धडपडेल, गुडघे फोडेल, एवढीच काळजी.

तो सांगत होता, क्लासची वेळ झाली की मी पोट दुखतंय म्हणायचो. आई ओवा द्यायची आणि पाठवायची. मी म्हटलं, पोटदुखीची सोंगं तर आमच्या देवव्रतनेही कमी केली नाहीत!

देवव्रत उठला, आत गेला, आणि सगळे कप विसळून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा! मग निघाला. दारात कल्पिताला म्हणाला, "वहिनी, प्रबुद्धला विद्याधर सरांकडे पाठवू नका." का, ते नाही सांगितलं. लिफ्टसाठीही थांबला नाही, जिन्याने गेला.

मंगळवार, १५ एप्रिल

नाक कापलं माझं! मी शब्द दिलाय. सरांचा सकाळी फोन — खांब घासूनपुसून एरंडेल लावून तयार आहे. आणि इकडे कल्पिता कावरीबावरी. "काकू, पाठवू ना?" मी म्हटलं, बिनधास्त पाठव, माझी जबाबदारी.

अनंतरावांना म्हटलं, तुमच्या चिरंजिवांना काय झालंय? ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "तू विचारलंस का त्याला?" मी काय विचारणार! त्याने सांगावं ना.

बुधवार, १६ एप्रिल

शेवटचा भाग. जन्मठेप झाली. शांताबाईंनी टाळ्या वाजवल्या, मला म्हणाल्या, "चाय टाक गो, गोड!"

पण त्याआधी ती एक आई बोलली. तिला विचारलं, या माणसाकडे मुलीला पाठवायला कुणी सांगितलं? ती म्हणाली, शेजारच्या बाईंनी. फार चांगल्या आहेत त्या.

माझ्या हातातला चिवडा तसाच राहिला. कल्पिता बाजूलाच बसलेली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, इतका तिचा माझ्यावर भरवसा.

चहा झाल्यावर तिला म्हटलं, सोमवारचं अजून नक्की धरू नकोस. का, म्हणाली. मी कप उचलून आत गेले.

आता गादीवर बसून एकेक आठवतेय. मल्लखांब सोडल्यावर देवव्रत वर्षभर दार लावून आंघोळीला तास-तास लावायचा. मी बाहेरून बादलीचा हिशेब विचारायचे. त्या सरांची गल्ली टाळून लांबून शाळेत जायचा. मी म्हणायचे, लाजतोय. तीस वर्षं खिडकीत बसून परक्यांचे चेहरे वाचले मी!

भीती वाटतेय. सरळ लिहून टाकते — खूप भीती वाटतेय.

शुक्रवार, १८ एप्रिल

देवव्रतला फोन केला. म्हटलं, रविवारी ये. जेवायला नाही, बोलायला. म्हणाला, "येतो."

रविवार, २० एप्रिल

बोलला. दोन वर्षं चाललं होतं, क्लास सुटल्यावर, सरांच्या घरी. त्याला विचारून कल्पिताला मीच सगळं सांगितलं. प्रबुद्ध जाणार नाही. उद्या देवव्रत, अनंतराव आणि मी पोलीस स्टेशनला जाणार आहोत.

मी त्याला म्हटलं, अरे, तेव्हाच मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं होतं, आई. तू पापड वाळत घालत होतीस. हसलीस."